दारावरची नावं

१

सोनूबाईचे फोटो गेले, हे तिच्या मुलीला कळलं ते भुजंगच्या जांभईबरोबर.

सन दोन हजार सहाचा मे महिना. जालन्यात मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या भगवती कलर लॅबमध्ये लग्नाच्या अल्बमांची नुसती झुंबड उडाली होती. काउंटरपाशी नंदा उभी होती. हातात हिरवा चुडा होता, पण तोंडावर नव्या नवरीचं तेज कुठंच नव्हतं. राजूरला तिचं लग्न लागलं आणि सत्यनारायण आटोपतो न आटोपतो तोच तिची आई गेली. छातीत कळ आली ती आलीच. दवाखान्यात नेणारी जीप भोकरदनलासुद्धा पोचली नाही. सोनूबाईनं जन्मात कुणाला फोटो काढू दिला नव्हता. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. घरात तिचा एकच फोटो, मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात बाई आहे का बुवा हेही धड कळत नव्हतं. लेकीच्या लग्नात मात्र ती सगळं विसरून, डोक्यावरचा पदर सावरायचंही सोडून मांडवभर फिरली होती. ते फोटो बघायला नंदा भावाला घेऊन आली होती.

लॅबच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या भुजंगनं खुर्चीतून न हलता माउस दोनदा टकटकवला. तोंड वासून जांभई दिली.

"फोल्डर रिकामं आहे."

"म्हंजे?" नंदानं विचारलं.

"म्हंजे काही न्हाई त्यात."

लग्नाचे फोटो काढणारा राजूरचा मच्छिंद्र तिथंच होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "न्हाई कसं? मी पाठवलेत! लालचंदशेठनी सवता बघितलेत!"

लालचंद लॅबचा मालक, निदान पाटीवर तरी. तो गडबडून म्हणाला, "सोमवारी होते की. कव्हरचा फोटोसुद्धा मीच निवडला."

"मंग तुझ्या कार्डात असतील," नंदाचा भाऊ मच्छिंद्रला म्हणाला.

मच्छिंद्र खाली बघू लागला. लग्नसराईत एकामागून एक तिथी. आलेले फोटो नेट कॅफेतून लॅबला पाठवायचे, कार्ड रिकामं करायचं आणि पुढच्या मांडवात शिरायचं, हा त्याचा रिवाज. कार्डात आता केदारखेड्याचं जावळ होतं.

नंदाच्या भावानं त्याची कॉलर धरली. एक फ्रेम खाली पडून फुटली. तेवढ्यात आतल्या केबिनमधून आवाज आला.

"सोड त्याला. माणूस पिळून फोटो निघत न्हाईत."

भगवतीदेवी दारात उभ्या होत्या. पांढरी साडी, नाकावर उतरलेला चष्मा, आणि समोरचं जग नासलेल्या दुधासारखं बघायची सवय. नवऱ्यामागं त्यांनी सरकी-पेंडीचा धंदा एकटीनं ओढला होता. लॅब त्यांनी मुलासाठी काढली, कारण त्यांच्या मते लालचंदला मोंढ्यात एक दिवस बसवला असता तर हमालांनी त्यालाच पोत्यात घालून विकला असता. ही गोष्ट त्या चारचौघांत सांगत.

"आणि तू काय बघून राह्यला, गोगलगाय?" त्या लालचंदला म्हणाल्या. "पोरीला पाणी दे."

नंदा रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बाईजी, बाकीचे गेले तर जाऊ द्या. आईचा एक तरी द्या."

भगवतीदेवींना रडणाऱ्यांची चीड होती. न रडणाऱ्यांपुढं मात्र त्यांची पंचाईत होई. "परवा मी सवता राजूरला येते," त्या म्हणाल्या आणि बोलून चुकल्या. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

२

"तुम्हाला न्हाई कळायचं, बाईजी," भुजंग म्हणाला.

तो औरंगाबादहून कसलासा कोर्स करून आला होता आणि तेव्हापासून जालन्यावर उपकार केल्यासारखा वागत होता. भगवतीदेवींनी त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"मला कळंल असं सांगणं तुझं काम. पगार मराठीत घेतो ना?"

भुजंगनं उसासा टाकला. भिंतीला टेकून घरघरणाऱ्या एका पेटीकडं बोट केलं. "हा सर्व्हर. समजा धर्मशाळा. प्रत्येक फोटोग्राफरला एक खोली. राजूरच्याची वेगळी, हसनाबादच्याची वेगळी, केदारखेड्याच्याची वेगळी. आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की दार उघडतं आणि माणूस थेट आपल्या खोलीत. फोटो ठेवायचे, जायचं."

"शेजारच्या खोलीत डोकावलं तर?"

"डोकावणार कुठून? खिडकीच न्हाई. त्याला वाटतं, आपली खोली म्हंजेच सगळी धर्मशाळा. बाहेर व्हरांडा आहे, अजून दारं आहेत, हे त्याला दिसतच न्हाई. सवताच्या दारावरची पाटीसुद्धा दिसत न्हाई. तो आतच जन्मतो आणि आतच मरतो." स्वतःच्या वाक्यावर भुजंग खूश झाला. "मी तशीच सेटिंग केलीय. न्हाईतर ही जनता एकमेकांचे फोटो चोरून दोन दिवसांत लॅब बुडवंल."

"आणि व्हरांड्यात कोण फिरतं?"

"अ‍ॅडमिन. म्हंजे मी. बिलकुल मी एकटा."

"लालचंद?"

भुजंग हसला. ते हसू भगवतीदेवींच्या ओळखीचं होतं. लालचंदविषयी त्या स्वतः तसंच हसत. "शेठना एक वेगळी खोली दिलीय. मी त्यात फोटो टाकतो, ते बघतात. मोठी किल्ली दिली असती तर आतापर्यंत धर्मशाळा जळाली असती."

"म्हंजे मच्छिंद्रच्या खोलीत दोघंच शिरू शकतात. एक मच्छिंद्र, एक तू."

भुजंगचं हसू अर्ध्यावर थांबलं. आपण कुठं येऊन पोचलो हे त्याला आत्ता कळलं.

"मी कशाला पुसू? माकडानं सवताच पुसले असतील, चुकून."

"कोणत्या माकडानं?"

"मच्छिंद्रनं, बाईजी. तोंडातून गेलं."

"गिऱ्हाइकाला तोंडावर असं बोलतो?"

"छ्या! तोंडावर 'या भाऊ, बसा भाऊ'. धंदा आहे."

मच्छिंद्रनं चुकून पुसले असते, तर नंदासमोर तो असा कोसळला नसता. त्याला खोटं बोलण्याइतकी अक्कलच नव्हती, असं भगवतीदेवींचं मत होतं. आणि मुद्दाम पुसून त्याला मिळणार काय होतं? मार. उरला भुजंग. पण ज्या घरात आपण एकटेच जाऊ शकतो असं माणूस छाती ठोकून सांगतो, त्या घरात तो चोरी कशाला करील?

"सगळ्या खोल्या धुंडाळ," त्या उठत म्हणाल्या. "फोटो सापडले न्हाईत, तर उद्या मी पोलिसांत तुझं एकट्याचं नाव देणार. तूच सांगितलंय, दुसरं कुणी न्हाई." भुजंग रागानं लाल झाला.

३

दुपारी हसनाबादचा रखमाजी आला. रोलच्या जमान्यापासूनचा फोटोग्राफर. गळ्यात कॅमेरा आणि डोक्यात राग, दोन्ही जुने. नंदाचं लग्न आधी त्याच्याकडंच ठरलं होतं. मच्छिंद्रनं ते ऐनवेळी पळवलं, हे साऱ्या भोकरदन तालुक्याला माहीत होतं.

"झालं ते बरं झालं," तो बसायच्या आधीच म्हणाला. "फुकटात व्हिडिओ मिक्सिंग का फिक्सिंग देतो म्हणे! देवानंच पुसले."

"देवाला पासवर्ड माहीत न्हाई, रखमाजी," भगवतीदेवी म्हणाल्या. "तुम्हाला आहे?"

"मला माझाच न्हाई माहीत! ह्या पोरानं चिठ्ठी दिल्ती, ती बायकोनं चुलीत घातली. मी आपली सीडी घेऊन एसटीनं येतो. विचारा ना शेठला."

लालचंदनं मान हलवली. रखमाजी दर खेपेला सीडी घेऊनच येई आणि भुजंग ती दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, घेई.

"तुमचा राग मच्छिंद्रवर. फोटो गेल्यानं त्याचंच नाव खराब झालं."

"मला राग आला तर मी कानाखाली ओढतो, बाईजी. ओढलीसुद्धा. मांडवाच्या दारात. विचारा त्याला, कोणत्या कानात ऐकू येत न्हाई."

भगवतीदेवींना हा माणूस आवडला नाही, पण पटला. हाताची भाषा येणारा माणूस यंत्रात बोट घालत बसत नाही.

मग आला केदारखेड्याचा कारभारी. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात राजूरच्या गणपतीचा प्रसाद. त्यानं पेढ्याचा पुडा भगवतीदेवींसमोर ठेवला, लालचंदला रामराम केला, पंखा आपल्याकडून त्यांच्याकडं वळवला. ह्या साऱ्या गबाळ्यांत रीतभात असलेला हा एकच, असं भगवतीदेवी नेहमी म्हणत.

"लई वाईट झालं, बाईजी. पोरीकडं बघवत न्हाई."

"तुला कुणाचा संशय?"

"मी लहान माणूस. कुणाचं नाव कशाला घेऊ?" तो घोटाळला. पण मनात बरंच साचलं असावं, कारण पुढचं आपोआप सांडलं. "पण किल्ली ज्याच्या हातात, त्यालाच विचारायचं ना? तो माणसाला माणूस समजतो का? त्याच्या लेखी एकजण माकड, एकजण भंगार, आणि—"

"आणि?"

"आणि काय. सगळे तसलेच." कारभारीनं रुमालानं मान पुसली. "पेढा घ्या ना, बाईजी."

तो गेल्यावर लालचंद पुडा उचलून कोपऱ्यातल्या टेबलाकडं निघाला आणि थांबला. "गंमत आहे, माँ. पूर्वी कारभारी आला की पहिला पेढा भुजंगला. होळीपासून त्याच्या टेबलाकडं फिरकतसुद्धा न्हाई."

"तुला हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तू विचारलंच नव्हतंस."

भगवतीदेवी नुसत्या फुरफुरल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लॅबमध्ये शिरल्या आणि भुजंग उभा राहिला.

तो कधी उभा राहत नसे. त्यानं स्टुलाऐवजी खुर्ची ओढली, ती पुसली, चहा मागवला.

"सापडले का?"

"न्हाई, बाईजी. लई शोधलं. समद्या खोल्या बघितल्या."

"लालचंद म्हणून राह्यला होता, औरंगाबादला पुसलेलं परत काढून देणारा माणूस आहे. त्याला बोलवू?"

"कशाला उगी खर्चात पडता? एकदा गेलं ते गेलं." भुजंगचा आवाज मऊ होता. "तुम्हाला अजून काही समजून घ्यायचं असंल तर विचारा. मी सांगतो बराबर."

भगवतीदेवींनी त्याच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. कालपर्यंत ह्यानं त्यांना बैलाइतकी अक्कल आहे असंही मानलं नव्हतं. रातोरात एवढा विनय कुठून उगवला? त्यांच्या अनुभवात माणूस देवळात जाऊन किंवा कुणी मेल्यावर सुधारत नाही. तो फक्त भ्याल्यावर सुधारतो. पण भ्यायचंच होतं तर काल, पोलिसांचं नाव काढल्याबरोबर भ्यायला हवं होतं. काल तर तो रागानं लाल झाला होता, निर्दोष माणूस होतो तसा. म्हणजे भीतीचं कारण त्यानंतर घडलं होतं.

"मला तो व्हरांडा दाखव," त्या म्हणाल्या.

"आं?"

"धर्मशाळेचा व्हरांडा. दारं कशी असतात ते बघू दे."

भुजंगनं मुकाट्यानं पासवर्ड टाकला. पडद्यावर पिवळ्या फोल्डरांची ओळ उभी राहिली. प्रत्येकाखाली इंग्रजी अक्षरांत नाव. त्याला वाटलं, म्हाताऱ्या मारवाडणीला त्यातलं काय वाचता येणार. पण ज्या बाईनं जन्मभर ट्रकच्या बिल्ट्या आणि खताच्या गोण्या वाचल्या, तिला अक्षरं जुळवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर पुटपुटत नेलं.

एम, ए, के, ए, डी. माकड.

"हे कोण?"

भुजंगच्या कपाळावर घाम आला. "ते... राजूरचं. गंमत म्हणून, बाईजी. आत शिरणाऱ्याला दिसत न्हाई ना."

पुढचं दार. भंगार. "हे रखमाजी?"

"हो."

त्यापुढचं. चाटू. भगवतीदेवी त्या शब्दापाशी बराच वेळ थांबल्या. तळवे चाटणारा. केदारखेड्याचा कारभारी, पेढे, पंखा, रामराम.

"ही नावं कुणाला माहीत आहेत?"

"कुणालाच न्हाई. आईशप्पथ. माझ्याशिवाय कुणी बघूच शकत न्हाई."

ओळीच्या शेवटी अजून दोन दारं होती. एकावर राजा लिहिलं होतं. ती भुजंगची स्वतःची खोली. दुसऱ्यावर गोगलगाय.

ते कोण, हे भगवतीदेवींनी विचारलं नाही. बाकीचे शब्द भुजंगचे होते. हा त्याचा नव्हता. हा त्यांच्याच तोंडून, ह्याच काउंटरपाशी, ह्याच पोरासमोर कितीदा तरी पडला होता आणि त्यानं नुसता उचलून दारावर लावला होता. मागं लालचंद उभा होता. त्यानंही वाचलं असावं, कारण तो तडक बाहेर गेला.

भगवतीदेवींनी चहाचा कप बाजूला सारला. 

"कारभारीला बोलवून घे," त्या बाहेर बघत भुजंगला म्हणाल्या. "आणि मच्छिंद्रला. आत्ताच्या आत्ता."

५

केबिनमध्ये पाच माणसं मावत नव्हती, तरी कोंबली गेली. भगवतीदेवी बसल्या, कारभारी, मच्छिंद्र, भुजंग उभे. लालचंद दाराला टेकून.

"कारभारी," त्या म्हणाल्या, "काल तू म्हणलास, भुजंगच्या लेखी एकजण माकड, एकजण भंगार. बराबर?"

"म्हणलो असंन, बाईजी. बोलण्याच्या ओघात."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? त्याच्या तोंडावरूनच दिसतं."

"तोंडावरून तुच्छता दिसते. नेमका शब्द दिसत न्हाई. तो माणसाला गाढव म्हणंल, बैल म्हणंल, दगड म्हणंल. तू नेमके तेच दोन शब्द उचललेस, जे मच्छिंद्रच्या आणि रखमाजीच्या दारावर आहेत. आणि तिसरा गिळलास." त्या पुढं झुकल्या. "ती दारं व्हरांड्यातूनच दिसतात. व्हरांड्यात मोठ्या किल्लीशिवाय जाता येत न्हाई. तू तिथं कसा गेल्तास?"

कारभारीनं हसून बघितलं. ते हसू कुणीच घेतलं नाही. "मला काय कळतं त्यातलं, बाईजी?"

"बराबर. असंच अजून एकाला वाटलं होतं." त्या भुजंगकडं वळल्या. "होळीच्या सुमारास काय झालं होतं?"

भुजंग चाचरला. शेवटी पुटपुटला, "त्याचे फोटो चढेनात. सारखा फोन करून राह्यला होता. मी घरी होतो, सण होता. म्हणलं, घे माझा पासवर्ड, टाक त्यानं आणि डोकं खाऊ नको."

"आणि बदलला न्हाई."

"मला वाटलं, त्याला काय समजतंय."

"ऐका," भगवतीदेवी म्हणाल्या. "भिंती ह्यानं चांगल्या बांधल्या होत्या. पण ज्याला आपण मूर्ख समजतो त्याच्या हातात किल्ली द्यायला माणूस कचरत न्हाई."

 कारभारीच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं होतं. मग त्याचा नेहमीचा आवाज गळून पडला आणि आतून भलताच, खरखरीत आवाज बाहेर आला.

"सात वर्षं पेढे खाल्ले ह्यानं माझे! सात वर्षं! भोकरदनच्या नेट कॅफेत बसलो होतो, शेजारी चार पोरं. पासवर्ड टाकला आणि समोर ती ओळ. एक एक दार उघडून बघितलं, कुणाचं कोणतं. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो, आणि वर लिहिलेलं चाटू. शेजारच्या पोरानं वाचलं. हसलं. मी गोड बोलतो, ते काय चूक आहे? कडू बोलून कुणाचं पोट भरलंय?"

"म्हणून दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो पुसलेस?" मच्छिंद्र ओरडला. "मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

"पुसले न्हाई!" कारभारी म्हणाला. "देवाशप्पथ, पुसले न्हाई. मोठ्या घरचं लग्न, बोंब होईल, ह्याच्यावर येईल, एवढंच पाहिजे होतं. तुझ्या खोलीतून उचलून ह्याच्याच खोलीत ठेवले. झडती झाली असती, ह्याच्याच घरात माल सापडला असता. त्या बाई जातील हे मला काय माहीत?"

लालचंद धावतच बाहेर गेला. त्यानं भुजंगला खेचून यंत्रासमोर बसवलं. "उघड. तुझी खोली उघड."

राजा नावाचं दार उघडलं. सगळे वाकले.

आत काहीच नव्हतं.

६

"खोटारड्या!" मच्छिंद्र कारभारीच्या अंगावर धावला. ह्या खेपेला कॉलर धरणारा तो होता.

"सोड," भगवतीदेवी केबिनच्या दारातून म्हणाल्या. "तो खरं बोलून राह्यला. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणून तुला ओळखू येईना."

त्या सावकाश येऊन भुजंगच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

"काल दुपारपर्यंत तू माझ्याशी कुत्र्याशी बोलावं तसा बोलत होतास. ते मला आवडलं न्हाई, पण त्यात खोट नव्हती. मी म्हणलं, सगळ्या खोल्या धुंडाळ. तू धुंडाळल्यास. सगळ्यांत शेवटी सवताची, कारण आपल्या घरात चोरीचा माल असंल असं कुणाला वाटतं? आणि आज सकाळी तू माझी खुर्ची पुसलीस. पुसलेलं परत काढणाऱ्या माणसाला बोलवू नका म्हणलास. का रे? त्यानं येऊन सांगितलं असतं, की फोटो शेवटी कुणाच्या खोलीत होते."

भुजंग पडद्याकडं बघत राहिला.

"काल संध्याकाळी फोटो तुझ्या हातात होते. एक शब्द बोलला असतास तर ती पोरगी काल रात्री जेवली असती."

"कुणी मानलं असतं?" भुजंग फुटला. "मीच म्हणलो होतो ना, माझ्याशिवाय कुणी जाऊ शकत न्हाई म्हणून! आणि ते माझ्याच खोलीत! पोलिसांनी मला..."

"काय केलंस त्यांचं?"

 लालचंदनं डोळे मिटून घेतले होते.

"सीडीवर घेतले. इथले काढून टाकले. सीडी मोती तलावात टाकणार होतो." त्यानं नाक ओढलं. "न्हाई टाकली. गाडीच्या डिकीत आहे."

मच्छिंद्र मटकन खाली बसला. लालचंद बाहेर पळाला तो फडक्यात गुंडाळलेली सीडी घेऊनच आला. यंत्रानं ती घरघरत गिळली आणि पडद्यावर मांडव उभा राहिला. वाकडे फोटो, फुटलेला प्रकाश, नवरदेवाच्या डोक्यातून उगवलेला मांडवाचा खांब. मच्छिंद्रला कॅमेऱ्यातलं काही येत नाही हे भगवतीदेवींचं मत त्या फोटोंनी तंतोतंत खरं ठरवलं. आणि मग सोनूबाई आली. पंगतीत वाढताना, हातात बुंदीचं ताट, कुणाच्या तरी बोलण्यावर सगळे दात दाखवून हसणारी. पदर खांद्यावर.



"हा मोठा काढ, लालचंद," भगवतीदेवी म्हणाल्या. त्यांनी मुलाला नावानं हाक मारली, आणि ते त्याच्या लक्षात आलं. "तुझ्या हातानं काढ. तुला रंगातलं कळतं."

पोलिसांना त्यांनी बोलावलं नाही. पोलिसांपुढं हे दोघं गुन्हेगार ठरले असते, आणि तेवढी किंमत त्यांना द्यायची भगवतीदेवींची तयारी नव्हती. त्यांनी दोघांना जीपच्या मागच्या बाकावर समोरासमोर बसवलं आणि राजूरचा रस्ता धरला. 

नंदाच्या माहेरी अंगणात लिंबाखाली बायका बसल्या होत्या. दुखवट्याचं घर, सगळ्यांचे आवाज खाली. भगवतीदेवींनी कागदात गुंडाळलेली फ्रेम नंदाच्या हातात दिली. तिनं कागद सोडला. बघत राहिली. तिची मावशी वाकून बघायला आली आणि तोंडाला पदर लावून मागं सरली. नंदानं काचेवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा, आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

कारभारीला राहवलं नाही. जिभेला सवय होती. "ताई, तुमच्या आई म्हंजे साक्षात देवमाणूस होत्या."

नंदानं वर पाहिलं. "तुम्ही ओळखत होते का तिला?"

"न्हाई."

"मंग कशाला म्हणता?"

 भगवतीदेवींनी दोघांना पुढं ढकललं. "बोला. ज्यानं आधी केलं त्यानं आधी."

कारभारीनं सांगितलं, अडखळत, जमिनीकडं बघत. भुजंगनं त्याच्यामागून सांगितलं. बायका ऐकत होत्या. सर्व्हर, खोल्या, पासवर्ड यांतलं त्यांना किती कळलं कोण जाणे. पण फोटो एकानं उचलले आणि दुसऱ्यानं दडवले, एवढं कळलं. नंदाचा भाऊ उठून उभा राहिला होता. नंदानं त्याला हातानंच खाली बसवलं.

"पण कशापायी?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या कारणासाठी तिनं दोन दिवस आईला दुसऱ्यांदा गमावलं होतं, ते केवढं तरी मोठं असणार, असं तिला वाटत होतं.

कारभारीनं हात उचलला. भुजंगकडं बोट केलं.

"ह्यानं... माझं नाव चाटू ठेवलं होतं."

अंगणातल्या साऱ्या बायका पुढचं ऐकायला थांबल्या.

"पुढं?" नंदानं विचारलं.

पुढं काहीच नव्हतं.